फाशीचा दोर आणि नमुन्याची नोट

आपण दिलेली नोट दुकानदार उजेडात धरून पाहतो, तेव्हा आपण प्रामाणिक असूनही क्षणभर ओशाळतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये हाच क्षण जिवावर बेतू शकत होता.

फ्रान्सशी युद्ध चालू असताना १७९७ साली इंग्लंडमध्ये नोटेच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. बँक ऑफ इंग्लंडने एक आणि दोन पौंडांच्या नोटा काढल्या. तोवर नोट ही बड्या व्यापाऱ्यांची वस्तू होती. आता ती मजुराच्या, मोलकरणीच्या हाती आली. पण ती होती एका बाजूला काळ्या शाईने छापलेला साधा कागद. थोडेफार कोरीवकाम येणाऱ्यालाही तिची नक्कल जमे. नकली नोट बनवणाऱ्याला फाशी होती, आणि जाणूनबुजून ती खपवणाऱ्यालाही फाशीच. १८२१ पर्यंत तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली.

जानेवारी १८१९ मध्ये जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराने एक उपहासाची नोट काढली. तिच्यावर फासावर लटकणाऱ्या माणसांची रांग होती, पौंडाची खूण दोराची होती आणि सही जॅक केच या जल्लादाची!

त्याच वर्षी जेकब पर्किन्स हा अमेरिकन कारागीर लंडनला आला. त्याने बँकेपुढे नमुन्याच्या नोटा ठेवल्या. बाजारात त्यांना कवडीचीही किंमत नव्हती. ‘अशी नोट छापा, म्हणजे नक्कल करणे अवघड होईल’ एवढेच त्या सांगत होत्या. मऊ केलेल्या पोलादावर तो अतिशय बारीक नक्षी कोरी. मग ते पोलाद कठीण करून त्यावरून पोलादी रुळावर, रुळावरून पुन्हा नव्या पत्र्यांवर ती नक्षी दाबून उठवी. प्रत्येक ठसा हुबेहूब! यंत्राने काढलेली गुंतागुंतीची वेलबुट्टी हाताने गिरवणे सोपे नव्हते.

बँकेने ती पद्धत घेतली नाही. पण जगातले पहिले टपाल तिकीट, १८४० चे ‘पेनी ब्लॅक’, पर्किन्सच्याच कंपनीने याच तंत्राने छापले. नकली नोटांसाठीची फाशी त्याआधीच, १८३२ साली रद्द झाली होती.

नोटा छापणाऱ्या कंपन्या आजही आपले कसब दाखवण्यासाठी कोणत्याच देशात न चालणाऱ्या नमुना नोटा काढतात. आपल्या नोटेवरची उठावाची छपाई बोटाला लागते, तेव्हा मला त्या जुन्या नमुन्यांची आठवण होते. खोट्या नोटेला आळा घालायचे काम आधी छापणाऱ्याचे आहे, जल्लादाचे नव्हे. एवढी साधी गोष्ट पटायला तीनशे माणसांचे जीव जावे लागले.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)