जुम्मा तलावाकाठची गिरणी

गांधीसागराच्या काठाने एम्प्रेस सिटी मॉलकडे चालत राहा. डांबर संपतं, फुफाटा लागतो. आता लोक या पाण्याला जुम्मा तलाव म्हणतात. साल १८८३. वैशाखाचं ऊन डोक्यावर आहे आणि समोर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल धडधडते आहे.

आत शिरा. कापसाचे तंतू नाकातोंडात जातात. या कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तटातट तुटतं. नव्या रिंग यंत्राशी थांबा आणि खाली वाका. चातीभोवती पोलादी कडं आहे आणि त्यावर नखाएवढी तारेची कडी. चाती फिरली की ही कडी कड्यावरून पळते, सुताला पीळ बसतो आणि त्याच दमात सूत बॉबिनवर चढतं. पलीकडचा म्यूल बघा: गाडा मागे जाऊन सूत ताणतो, पिळतो आणि परत येताना गुंडाळतो. पीळ आणि गुंडाळणं आळीपाळीने. रिंगला असं थांबावंच लागत नाही.

रिंग अमेरिकेत निघून पन्नासेक वर्षं झाली. लँकेशायरला ती ठाऊक होती, पण तिथे म्यूल होते आणि ते चालवणारे कसबी कारागीरही. बसलेली घडी कोण मोडणार? नागपुरात अशी घडीच नव्हती. दाराशी आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस होता, शेतातून आलेले नवखे मजूर होते आणि रेल्वेच्या नोकरीतून आलेले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता. सूतकामातले जाणकार जेम्स ब्रुक्सबी सोबतीला. नवं म्हणजे थोरांच्या डोक्यात चमकलेली वीज, असं आपण मुलांना शिकवतो. इथे मला ते पटत नाही. अडचण होती, आणि यंत्र लावून बघायची तयारी होती. वीज चमकली असेलच, तर ती या दोन्हींच्या नंतर.

"काहून जी, नवीन दिसता?" तुटलेलं सूत सांधणारा माणूस विचारतो. "साचा जोरात फिरते, मंग मजुरी बी वाढन का?"

याचं उत्तर तुमच्याजवळ नाही. तीन वर्षांनी, १८८६मध्ये, इथे पेन्शन फंड सुरू होईल. रोज कामावर येणाऱ्यांना बक्षिसंही मिळतील, कारण माणसं गिरणीत टिकत नाहीत. रिंगसारखंच हेही अडचणीतून सुचलेलं, तितकंच नवं, आणि माझ्या मते तितकंच मोठं. पण त्याला आज ते खरं वाटणार नाही. गिरणी १ जानेवारी १८७७ला सुरू झाली, त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम बंद ठेवलं होतं. त्या संपात तुम्ही होता का जी, एवढं मात्र त्याला विचारा. या धडधडाटात उत्तरासाठी कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागेल.