छातीला झेपेल ती वाट

गिरणगावातला माणूस डोंगरावर जायला कधी लागला, असं कुणी विचारलं तर मी किल्ल्याचं नाव सांगत नाही, तारीख सांगतो. १० जून १८९०. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी कबूल केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमवले, आणि त्या सभेत दोन बायकाही उठून बोलल्या. ही माणसं डोंगर मागत नव्हती, उसंत मागत होती. पण उसंत मिळाल्याशिवाय कुणी डोंगराकडे मान वर करून बघत नाही.

गाडी तर आधीपासूनच होती. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला पोचली, १८५६ मध्ये कर्जतला, १८६१ मध्ये कसाऱ्याला. आमच्या चिंचपोकळी स्टेशनात फक्त धीमी लोकल थांबते. तिच्यात बसून दादरला उतरायचं आणि पूल ओलांडून फास्ट गाडी पकडायची. कर्जत की कसारा, हा पहिला प्रश्न दादरच्या पुलावरच सोडवावा लागे. कर्जतच्या बाजूला माथेरान, पेब, इर्शाळ, राजमाची. सकाळी निघून रात्री घरी. कसाऱ्याच्या बाजूला कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. तिकडे जायचं म्हणजे एक रात्र हाताशी पाहिजे. सोमवारी सकाळच्या पाळीचा भोंगा कुणासाठी थांबत नसे. त्यामुळे चाळीतली पोरं डोंगर निवडत ती पायांपेक्षा घड्याळाकडे बघून. पाय काय म्हणतात हे चढावर लागल्यावर कळायचं.

ज्यांच्याकडे वेळ भरपूर होता, त्यांनी पायांचा प्रश्न दुसऱ्याच रीतीनं सोडवला. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून माथेरानचा डोंगर चढून गेला. स्वतःच्या पायांनी गेला, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. पण त्याच्या मागून जे साहेबलोक आणि शेठलोक हवा खायला गेले, ते पालखीत आणि घोड्यावर बसून. १९०७ मध्ये पीरभॉय घराण्यानं सोळा लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू केली, तेव्हा चढाचा प्रश्न पैसेवाल्यापुरता मिटला. आपला दम कमी पडतो तिथे दुसऱ्याचा खांदा लावायचा, ही सह्याद्रीतली जुनी रीत आहे. त्या खांदेकऱ्यांची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. मॅलेटचं नाव मात्र टिकलं आहे.

आता मी माझ्या डोंगराकडे येतो. कल्याणच्या दक्षिणेला मलंगगड आहे, आमच्या घरात त्याला नुसतं ‘मलंग’ म्हणत. कुणाची किती तयारी आणि त्याला किती डोंगर झेपेल, हे शिकवायला याच्याइतका चांगला मास्तर मी पाहिलेला नाही. हा डोंगर तीन मजल्यांचा आहे. खाली पीरमाची, तिथे हाजी मलंगबाबांचा दर्गा. तिथवर पायऱ्या आहेत, दुकानं आहेत, चहा आहे, आणि ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी डोली आहे. तिच्या वर सोनेमाची, तिथे पायऱ्या संपतात आणि डोंगर सुरू होतो. सगळ्यात वर बालेकिल्ला. तिथे जायचं तर कातळ चढावा लागतो, आणि एके ठिकाणी दरीवरचा रस्ता तुटलेला असल्यानं लोखंडी पाइपावरून पलीकडे सरकावं लागतं. दोर आणि तो वापरता येणारा माणूस बरोबर नसेल तर तिथे जाऊ नये. म्हणजे गड एक, नाव एक, कल्याणहून सुटणारी बसही एकच. पण खाली उतरणाऱ्या गर्दीतले तीन जण तीन वेगवेगळे डोंगर चढून आलेले असू शकतात.

इंग्रजांना हे १७८० मध्ये कळलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कॅप्टन ॲबिंग्टन मलंगगडावर चालून आला. पीरमाची त्यानं घेतली. त्याच्यापुढे वरचे दोन मजले होते आणि तिथे मराठ्यांची शिबंदी होती. ती काही हटली नाही. उलट मराठ्यांच्या फौजेनं खालून वाट अडवली आणि वेढा घालायला आलेलाच वेढ्यात सापडला. शेवटी कर्नल हार्टलेला येऊन त्याची सुटका करावी लागली. गड बांधणाऱ्यानं वाट आखताना हाच विचार केलेला असतो, की वर येणारा शेवटच्या टप्प्याला पोचेल तेव्हा त्याचा दम गेलेला असावा. आपण सुट्टीच्या दिवशी हौसेनं जातो तेव्हा विसरतो, की ही वाट आपल्या सोयीसाठी केलेली नाही. ती आपल्याला थकवण्यासाठीच केलेली आहे.

मलंगबद्दल दुसरेही वाद आहेत, ते मला ठाऊक आहेत. ते आज माझ्या बोलण्याचा विषय नाहीत. माघी पौर्णिमेच्या उरुसाला त्या पायऱ्यांवर कोण कोण धापा टाकतं ते मी लहानपणापासून बघत आलो आहे. धापेवरून माणूस ओळखता येत नाही.

माझे अब्बा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याची पेळू होते ते हे खातं, सगळ्यात जास्त धुळीचं. तिथल्या कामगाराला सोमवारी छाती जड वाटायची, श्वास अडकल्यासारखा व्हायचा. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा सैल पडायचं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. या दुखण्याला डॉक्टर बायसिनोसिस म्हणतात. एक दिवस धुळीपासून लांब राहिल्यावर छाती पुन्हा धुळीत गेली की ती आवळते, म्हणून ते सोमवारी उचल खातं. वर्षं गेली की मग वाराचा भेद राहत नाही, रोजच सोमवार होतो. चाळीत याला कुणी रोग म्हणत नसे. ‘गिरणीची हवा’ म्हणत.

मलंगच्या वाटेवर दोन थांबे आहेत. पहिली सलामी आणि दुसरी सलामी. यात्रेकरू तिथे टेकतात, दुवा मागतात आणि पुढे निघतात. मी सात-आठ वर्षांचा असताना अब्बा पहिल्या सलामीपर्यंत यायचे. तिथे एका दगडावर बसून आम्हाला म्हणायचे, ‘‘तुम्ही जाऊन या. माझा सलाम इथूनच पोचतो.’’ अम्मी डोलीचं विचारायची. ते नुसतं डोलीवाल्यांच्या पोटऱ्यांकडे बघायचे आणि मान हलवायचे. पुढे जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. घरात पगार येईना, पण धूळही येईना. संपाच्या दुसऱ्या वर्षी उरुसाला गेलो तेव्हा अब्बा पहिल्या सलामीला थांबले नाहीत. सावकाश, वीस पायऱ्या आणि एक दम, असं करत दुसऱ्या सलामीपर्यंत आले. घरात पीठ उसनं होतं आणि त्या माणसाची छाती मोकळी झाली होती. या गोष्टीचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. कवितेतही बसवता आलेलं नाही.

दर्ग्यापर्यंत मात्र ते कधी आले नाहीत. तब्येतीप्रमाणे वाट निवडा, असा सल्ला आज सगळीकडे मिळतो. तब्येत कशानं घडते आणि कशानं बिघडते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. पण डोंगरावर निघायचं तर ती जशी असेल तशी धरूनच निघावं लागतं.

डोंगर चढणं हा मुंबईत शिस्तीचा छंद झाला तो तेनसिंगनं १९५३ मध्ये एव्हरेस्ट गाठल्यानंतर. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि त्याच १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली. इकडे गोनीदांच्या लेखणीनं मध्यमवर्गाला किल्ल्यांचं वेड लावलं. प्र. के. घाणेकरांची पुस्तकं आली, हरीश कपाडियांचं सह्याद्रीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. वाटा कागदावर उतरल्या आणि त्यांच्यापुढे शब्द लागले: सोपी, मध्यम, कठीण. सोय झाली यात शंका नाही. पण माझी तक्रार अशी, की हे शब्द वाटेऐवजी गडाला चिकटले. ‘राजमाची सोपा’, ‘हरिश्चंद्रगड कठीण’ असं लोक बोलू लागले.

राजमाचीचंच बघा. लोणावळ्याहून गेलात तर पंधरा किलोमीटरच्या आसपास चाल आहे, पण बरीचशी सपाटीची. गप्पा मारत जावं. कर्जतकडून कोंदिवड्याला उतरून कोंढाण्याच्या लेण्यांवरून गेलात तर अंतर निम्म्याहून कमी, पण सगळं उभं. दोन्ही वाटा एकाच उधेवाडीत येऊन मिळतात. गुडघे चांगले, छाती कच्ची, अशानं लोणावळ्याची वाट धरावी. लांब चालायचा कंटाळा पण दम भक्कम, अशानं कर्जतची. आणि हरिश्चंद्रगड? पाचनईहून चढलात तर रोज चालणाऱ्या माणसाला दोन-तीन तासांत तो पदरात पडतो. खिरेश्वरहून तोलारखिंडीनं गेलात तर चांगला घाम निघतो. आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं निघालात तर अख्खा दिवस जातो, मधले कातळटप्पे हातापायांनी चढावे लागतात आणि मध्येच परत फिरणंही सोपं नसतं. तिन्ही वाटांनी गेलेले घरी येऊन म्हणतात, आम्ही हरिश्चंद्रगड केला.

स्कॉटलंडमध्ये विल्यम नेस्मिथ नावाचा एक गिर्यारोहक होता. त्यानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो जगभर अजून चालतो. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरा, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बारी गावातून कळसूबाईचा माथा नऊशे मीटरच्या आसपास वर आहे. म्हणजे अंतर सोडून नुसत्या चढाचाच दीड तास झाला. शिवाय हा हिशेब धडधाकट माणसाचा, कोरड्या वाटेचा, न थांबता चालण्याचा. आपण मुंबईकरांनी त्याची दीडपट करावी, पावसाळ्यात दुप्पट. शेवाळलेला कातळ आणि भरलेला ओढा ‘सोपी’ या शब्दाला जुमानत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये उलटं, वाट कोरडी असते, पण टाक्यांतलं पाणी आटलेलं असतं आणि पाण्याच्या बाटल्यांचं ओझं पाठीवर येतं. एक खूण मला घड्याळापेक्षा भरवशाची वाटते. चढताना शेजारच्याशी पुरं वाक्य बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. वाक्य तुटायला लागलं की थांबावं.

कळसूबाईवर मी नवरात्रात गेलो होतो. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे, १६४६ मीटरवर, महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. आमच्या पुढे नऊवारी नेसलेल्या आसपासच्या गावच्या म्हाताऱ्या अनवाणी चालल्या होत्या, हातात ओटीचं सामान. त्या भराभर चालत नव्हत्या. एका लयीत, न बोलता, शिडीपाशी क्षणभर थांबून. महागडे बूट घातलेली पोरं त्यांना ओलांडून धावत पुढे जात आणि पुढच्या वळणावर छाती धरून बसलेली सापडत.

अर्थात प्रत्येकाला वाट निवडायची संधी मिळतेच असं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही चौकच्याच परिसरातली ठाकरांची वस्ती. गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेनं मदत चढत गेली. त्यात आसपासचे ट्रेकर्सही होते. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला गेला. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढ चढतानाच हृदयविकारानं गेले. सुट्टीत सोपी म्हणून लोक जिच्यावर पोरांना नेतात अशा वाटांपैकी ती एक. त्या रात्री ती काय होती, हे कुठल्या पुस्तकात छापणार?

मंडळी, मी आता पन्नाशी ओलांडली आहे. दोर-बालेकिल्ला माझ्यासाठी संपला, याचं फार दुःख नाही. वर्षातून दोन-तीनदा निघतो, ते दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. आदल्या महिन्यात घराजवळच्या इमारतीचे जिने रोज चढतो, कारण चिंचपोकळीत दुसरा डोंगर नाही. परतीच्या गाडीची वेळ आधी ठरवतो आणि अर्ध्या वेळेला जिथे असेन तिथून मागे वळतो, माथा समोर दिसत असला तरी.

आणि पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय वर जात नाही. फक्त प्रश्न बदलला आहे. पूर्वी विचारायचो, किती वेळ लागेल? उत्तर यायचं, ‘‘ह्ये काय, अर्ध्या तासाचं काम.’’ सांगणारा खोटं बोलत नसतो, तो स्वतःचा अर्धा तास सांगत असतो. हल्ली मी विचारतो, तुमच्या घरातली म्हातारी या वाटेनं जाते का? जाते म्हणाले तर पुढचं विचारतो, ती दम खायला कुठे कुठे बसते? मग तो माणूस पहिल्यांदाच माझ्या पायांकडे नीट बघतो, अंगणात काठीनं रेघ ओढतो आणि एकेक जागा दाखवू लागतो. आंब्याखाली एक, ओढ्यापाशी दुसरी, खिंडीच्या तोंडाशी दगड आहे तिथे तिसरी.