न संपणाऱ्या खेळाचा व्यापार

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सच्या प्रकाशकांपुढे एक विलक्षण अडचण असते. त्यांनी विकलेली वस्तू संपत नाही, सहसा झिजत नाही आणि पाच-सहा जणांच्या गटात एकाकडे असली तरी सर्वांना पुरते. नियमांचे एक पुस्तक घेतले की त्यावर वर्षानुवर्षे खेळता येते. असे असूनही गेली पन्नास वर्षे हा व्यवसाय टिकून आहे. त्याच त्या निष्ठावंत ग्राहकाला पुन्हा पुन्हा काय आणि किती विकावे, हाच त्याच्या चढउतारांमागचा मूळ प्रश्न आहे.

या खेळात एक जण सूत्रधार होतो. तो काल्पनिक जगातील प्रसंग उभा करतो. इतर खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन त्या प्रसंगाला सामोरे जातात. पात्राचा प्रयत्न फळाला आला की फसला, हे बहुतेक वेळा चार ते वीस बाजूंच्या फाशांवर ठरते. रूढ अर्थाने येथे कोणी जिंकत वा हरत नाही. कथा पुढे सरकत राहते आणि एकच डाव कित्येक वर्षे चालू शकतो.

एका पेटीची झाली मालिका

या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी स्थापन झालेल्या टीएसआर या कंपनीने १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. तीन पुस्तिकांच्या पेटीची किंमत १० डॉलर होती आणि पहिल्या खेपेत १,००० प्रती काढण्यात आल्या होत्या.

पुढे 'अॅडव्हान्स्ड' या नावाने खेळाचे विस्तारित रूप आले ते तीन स्वतंत्र ग्रंथांत: १९७७ मध्ये राक्षस व प्राण्यांचा कोश, १९७८ मध्ये खेळाडूंचे पुस्तक आणि १९७९ मध्ये सूत्रधाराचे मार्गदर्शक. या विभागणीत व्यापारी शहाणपण होते. सूत्रधाराचा ग्रंथ गटात एकालाच लागतो. खेळाडूंचे पुस्तक मात्र प्रत्येकाला आपल्याजवळ असावेसे वाटते. यांच्या जोडीला तयार साहसकथांच्या पुस्तिका आल्या. १९७६ मध्ये सुरू झालेले 'ड्रॅगन' मासिक नवे नियम, लेख आणि जाहिराती घेऊन घरोघर पोहोचू लागले. गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये सुरू केलेले 'जेन कॉन' हे वार्षिक संमेलन नव्या उत्पादनांची पेठ बनले. मासिक आणि संमेलन यांमुळे विखुरलेल्या छांदिष्टांचा एक समाज तयार झाला आणि त्या समाजाचे सभासदत्व टिकवण्यासाठीही खरेदी होऊ लागली.

जगे वाढली, वाचक विभागले

नियम एकदाच विकता येतात. जगे मात्र कितीही निर्माण करता येतात, हे टीएसआरने ओळखले. १९८४ मध्ये 'ड्रॅगनलान्स' आले. त्याच्या साहसपुस्तिकांबरोबर कादंबऱ्याही निघाल्या आणि त्या खेळाबाहेरच्या वाचकांपर्यंत गेल्या. १९८७ मध्ये 'फरगॉटन रेल्म्स', १९८९ मध्ये 'स्पेलजॅमर', १९९० मध्ये 'रेव्हनलॉफ्ट', १९९१ मध्ये 'डार्क सन', १९९४ मध्ये 'प्लेनस्केप' आणि १९९५ मध्ये 'बर्थराइट' अशी रांगच लागली. प्रत्येक जगाचे स्वतंत्र नकाशे, स्वतंत्र पूरक पुस्तके आणि स्वतंत्र चाहते होते.

यातच धोका दडलेला होता. 'डार्क सन'च्या वाळवंटात रमलेल्या गटाला 'रेव्हनलॉफ्ट'च्या भयकथांची पुस्तके घेण्याचे कारण उरले नाही. ग्राहक फारसे वाढले नाहीत. असलेलेच वाटले गेले. प्रत्येक पुस्तकाचा खप घटला, पण लेखन, चित्रे आणि छपाई यांचा खर्च तेवढाच राहिला. पुस्तकविक्रेत्यांकडून न खपलेला माल परत येऊ लागला. १९९६ च्या अखेरीस छपाईचे पैसे देणेही कंपनीला अवघड झाले. १९९७ मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळावर मोठी झालेली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ही कंपनी पुढे आली आणि तिने टीएसआर विकत घेतली. १९९९ मध्ये विझर्ड्सही हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाच्या छत्राखाली गेली.

कुळांची पुस्तके

'व्हाइट वुल्फ' या कंपनीने दुसरी वाट धरली. १९९१ मध्ये आलेल्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड' या तिच्या खेळात प्रत्येक पात्र पिशाचांच्या एखाद्या कुळाचे असते. कंपनीने एकेका कुळावर स्वतंत्र पुस्तक काढले. त्यामुळे एरवी सूत्रधाराच्या पुस्तकांवर भागवणारा साधा खेळाडूही 'आपल्या' कुळाचे पुस्तक घेऊ लागला. शिवाय पुस्तकागणिक पुढे सरकणारे एक अखंड कथानक गुंफण्यात आले. पुढे काय झाले हे कळण्यासाठी, प्रत्यक्ष न खेळणारेही पुस्तके घेत. परंतु कथानक जसजसे लांबले तसतसे नवख्याला आत शिरणे कठीण झाले. अखेर २००४ मध्ये त्या जगाचा प्रलय घडवूनच कंपनीने मालिका संपवली आणि नवी मांडणी सुरू केली.

खुला परवाना

विझर्ड्सने २००० मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आणली आणि तिच्याबरोबर खुला परवानाही. रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने आलेल्या या परवान्यानुसार कोणीही प्रकाशक खेळाचे मूळ नियम वापरून स्वतःची पुस्तके काढू शकत होता. त्यामागचा हिशेब सरळ होता. कमी खपाची साहसपुस्तके इतरांनी काढावीत. ती खेळण्यासाठी घ्यावे लागणारे मुख्य पुस्तक मात्र विझर्ड्सचेच राहील.

हे अस्त्र पुढे कंपनीवरच उलटले. 'ड्रॅगन' मासिक चालवणाऱ्या पायझो या कंपनीचा करार २००७ मध्ये संपला. तिने लगेच मासिक साहसमालिका सुरू करून मासिकाच्या वर्गणीदारांना नवी वाट दिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नियम मुळापासून बदलले आणि परवानाही आवळला गेला. तेव्हा नाराज चाहत्यांसाठी पायझोने जुन्याच खुल्या नियमांवर २००९ मध्ये 'पाथफाइंडर' उभा केला. त्याचा मसुदा आधी खेळाडूंकडूनच तपासून घेतला होता. विझर्ड्सनेही हा धडा घेतला. २०१२ पासून खुली चाचणी घेऊन २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. प्राथमिक नियम विनामूल्य देण्यात आले आणि वर्षाकाठी मोजकीच पुस्तके काढण्याचे धोरण ठरले. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल'सारख्या कार्यक्रमांतून लोक हा खेळ नाटकासारखा पाहू लागले आणि नवा ग्राहकवर्ग मिळाला.

छोट्या प्रकाशकांना इंटरनेटवरील आगाऊ वर्गणीचा मार्ग सापडला. २०२१ मध्ये 'अवतार लेजंड्स' या खेळासाठी किकस्टार्टरवर ९५ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. छपाईपूर्वीच मागणी कळत असल्याने टीएसआरला भोवलेला न खपलेल्या मालाचा धोका येथे बराच कमी होतो. मात्र पैसे आधी मोजणारा ग्राहक पुस्तक कधी मिळेल या जोखमीत वाटेकरी होतो.

विश्वासाची किंमत

जानेवारी २०२३ मध्ये खुला परवाना बदलण्याचा विझर्ड्सचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असणाऱ्या प्रकाशकांकडून त्यावरील रकमेवर स्वामित्वधन घेण्याची तरतूद त्यात होती. चाहत्यांनी कंपनीच्या 'डी अँड डी बियॉन्ड' या डिजिटल सेवेची वर्गणी बंद करण्याची हाक दिली. पायझोने अन्य प्रकाशकांसह स्वतंत्र परवाना तयार करण्याची घोषणा केली. काही आठवड्यांतच, २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली आणि खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले.

एवढ्या झटपट माघारीचे कारण या व्यापाराच्या मूळ स्वरूपातच आहे. या ग्राहकाला नवे काही घेण्याची सक्ती नसते. त्याच्या कपाटातले जुने पुस्तक उद्याही तितकेच चालणार असते. तो खरेदी करतो ती हौसेपोटी, आणि त्या हौसेला प्रकाशकावरील विश्वासाचा आधार लागतो. टीएसआरने ही हौस अनेक जगांत वाटून क्षीण केली आणि विझर्ड्सने विश्वासालाच धक्का लावला. दोन्ही वेळा मोठ्या कंपनीला नमावे लागले. टेबलाभोवतीचा खेळ मात्र जुन्याच पुस्तकांवर सुरू राहिला.