तिसरा काटा

माझ्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर '१८३/५००' असं कोरलेलं आहे. म्हणजे अशी पाचशेच घड्याळं बनली, त्यातलं हे एक. दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढे पैसे मोजून घेतलं. काळी डायल, ठळक पांढरे आकडे आणि जुन्या विमानांतल्या अल्टिमीटरसारखे काटे. तास-काटा इतका आखूड की कधीकधी मिनिट-काट्याखाली लपतो. आईने हातात घेऊन विचारलं, "यात वाजलेत किती, ते कळतं का?" मी हसलो.

अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, पण ते मोजतं हवेचा दाब. वर जाल तसा दाब कमी होतो, आतली पातळ धातूची बंद डबी किंचित फुगते आणि दातेरी चाकं ती हालचाल काट्यापर्यंत पोचवतात. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या पॉल कोल्समनने १९२८ मध्ये विश्वास ठेवावा इतका अचूक अल्टिमीटर बनवला. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेरचं काहीही न बघता विमान उडवलं आणि उतरवलंही. खबरदारी म्हणून सोबत एक पायलट होता, पण त्याला हात लावावा लागला नाही.

कोल्समनच्या डायलवर एक छोटी खिडकी असते. जमिनीलगतचा दाब तिच्यात लावायचा असतो. माझ्या घड्याळात त्या जागी तारीख दिसते.

विमानं उंच जाऊ लागली तसे काटे तीन झाले. लांब काट्याची एक फेरी म्हणजे १,००० फूट, मधल्याची १०,००० आणि सगळ्यात छोट्याची १,००,०००. घड्याळासारखंच वाटतं ना? पण घड्याळात तास चुकला तर खिडकीबाहेरचं ऊन ती चूक दाखवून देतं. धुक्यात पायलटला बाहेरून सांगणारं काहीच नसतं. आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात छोट्या काट्यावर!

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकी हवाई दलासाठी उपकरणं वाचताना झालेल्या २७० चुका तपासल्या. या सगळ्यांवर 'पायलटची चूक' असाच शिक्का होता. त्यात बरेच काटे असलेल्या डायल चुकीच्या वाचल्याची प्रकरणं भरपूर निघाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : इतकी माणसं एकाच जागी चुकत असतील, तर ती जागा बदला.

तरी तीन काट्यांची डायल वापरात राहिली. २४ डिसेंबर १९५८ ला इंग्लंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ धुक्यात एक ब्रिटानिया विमान कोसळलं. ते चाचणी-उड्डाण होतं. कॉकपिटमध्ये समज होता, आपण ११,५०० फुटांवर आहोत. खरी उंची होती १,५००. बारापैकी नऊ जण गेले.

हे वाचलं त्या आठवड्यात मी ऑफिसात एक अहवाल लिहीत होतो. रात्री दोन वाजता एका ज्युनिअरने टेस्टिंगचा समजून खरा डेटाबेस पुसला होता. बॅकअप होता म्हणून निभावलं. 'कारण' या रकान्यात मी टाइप केलं होतं : मानवी चूक. दोन्ही डेटाबेसच्या स्क्रीन हुबेहूब सारख्या होत्या. फरक फक्त कोपऱ्यातल्या एका बारीक, करड्या शब्दाचा. ती स्क्रीन मी बनवली होती, आणि मला ती 'क्लीन' वाटायची.

तो छोटा काटा माझाच होता.

ते वाक्य खोडलं आणि कारणाच्या रकान्यात स्क्रीनचं डिझाइन लिहिलं, खाली माझं नाव. खऱ्या डेटाबेसच्या स्क्रीनवर आता वर जाड लाल पट्टी आहे. दिसायला वाईट दिसते.

घड्याळ अजून घालतो. फक्त गाडी पकडायची असेल तेव्हा वेळ फोनवर बघतो.