गन शो: अमेरिकेतला एक जुना बाजार

गन शो म्हटलं की आपल्याला लगेच हॉलिवूडचा सिनेमा आठवतो. तो जरा बाजूला ठेवा आणि पुण्याचा जुना बाजार डोळ्यांपुढे आणा. फक्त हा भरतो छताखाली, गावच्या जत्रेच्या मैदानावरच्या एखाद्या मोठ्या हॉलमध्ये. शनिवार-रविवार, दारावर तिकीट, आत ओळीने टेबलं. एका टेबलावर अमेरिकन यादवी युद्धातली बंदूक, शेजारी दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरंड रायफल, पलीकडे चाकू, जुने बिल्ले, आणि हमखास कुणीतरी वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या विकत बसलेला.

हे छोटे, स्थानिक बाजार आता आटत चाललेत. का, ते बघायला आपल्याला १९६३ सालात जावं लागेल.

त्या वर्षी मार्चमध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने मासिकातलं कूपन भरून, खोट्या नावाने, शिकागोच्या एका दुकानातून पोस्टाने रायफल मागवली. टपालखर्चासकट २१ डॉलर ४५ सेंट. नोव्हेंबरमध्ये तिनेच केनेडींचा खून झाला. पुढे मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या, आणि १९६८ मध्ये मोठा कायदा आला. पोस्टाने बंदूक मागवणं सामान्य माणसाला बंद. दुकानदाराला परवाना हवा, आणि विक्री परवान्यावरच्या पत्त्यावरच. म्हणजे गन शोमध्ये टेबल मांडून धंदा करायची त्याला सोयच राहिली नाही. १९८६ च्या कायद्याने मात्र आपल्या राज्यातल्या गन शोमध्ये विक्री करायला त्याला स्पष्ट परवानगी दिली, आणि टेबलं वाढली. १९९९ च्या एका सरकारी अहवालाने वर्षाला ४ हजारांहून जास्त शो मोजले होते!

पण गंमत बघा, घसरणीचं बी तोवर पेरलं गेलं होतं. तेव्हा परवाना ३ वर्षांसाठी ३० डॉलरला मिळायचा. त्यामुळे कितीतरी हौशी लोक परवाना घेऊन घरातूनच थोडीफार विक्री करत. त्यांना तिकडे ‘किचन टेबल डीलर’ म्हणतात. स्थानिक शोमधली बरीच टेबलं याच मंडळींची. १९९३ मध्ये फी २०० डॉलर झाली, पुढच्या वर्षी नियम आणखी कडक झाले, आणि सुमारे पावणेतीन लाखांवर असलेले परवानाधारक काही वर्षांतच लाखाच्या आसपास आले. टेबलं मांडणारेच गेले, तर शो चालवणार कोण?

मग आलं इंटरनेट. वीकेंडला दोनशे मैल गाडी हाकून जे शोधायचं, ते घरबसल्या बोलीवर मिळू लागलं. (फोनने आणखी कशाकशाचे बाजार उठवले, ते तुम्हाला सांगायला नको.) शिवाय काही ठिकाणी जागाच गेली. कॅलिफोर्नियात २०२१ पासून डेल मारच्या सरकारी मैदानावर बंदूकविक्री बंद झाली, आणि त्यानंतर सगळ्याच सरकारी जागांवर. ओक्लाहोमातल्या टल्सासारखे हजारो टेबलांचे राक्षसी शो टिकले. मार पडला तो लहानांना.

आता अवघड भाग. तो टाळून या विषयावर बोलता येणार नाही.

१९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १३ जणांना ठार मारलं. त्यांच्याकडच्या तीन बंदुका आधीच्या वर्षाच्या अखेरीस डेन्व्हरजवळच्या गन शोमधून आल्या होत्या, त्यांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीच्या हातून. विकणारे परवानाधारक नव्हते, म्हणून बॅकग्राउंड चेक नाही. कायद्यात ही पळवाट होतीच. २००० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी सुमारे ७० टक्के मतांनी ती बुजवली: शोमध्ये कुणीही विको, चेक हवाच. तरीही डेन्व्हरमध्ये शो भरत राहिले. माझ्या मते हा वाद इथेच सुटतो. चेक सगळ्यांना लावा, पण बाजार मोडू नका. बंदुका घेऊन गुन्हे केलेल्या कैद्यांची २०१६ मध्ये पाहणी झाली, त्यात बंदूक गन शोमधून घेतल्याचं सांगणारे १ टक्क्याहूनही कमी निघाले. गुन्हेगाराचा मुख्य रस्ता दुसरीकडूनच जातो.

आणि बाजार मोडला की काय जातं? माहिती जाते. जुन्या रायफलच्या वेगवेगळ्या भागांवर क्रमांक असतात. ते सगळे जुळतात का, पॉलिश मूळचं की मागाहून चढवलेलं, लाकूड बदललंय का, हे फोटोत कळणं कठीण. हातात घेऊन, उजेडात तिरकं धरून बघावं लागतं, आणि ‘इथे बघ’ म्हणून बोट ठेवणारा कुणीतरी शेजारी लागतो. चाळीस वर्षं एकाच प्रकारच्या रायफली गोळा करणारे आजोबा टेबलामागे बसलेले असतात. त्यांना विक्रीपेक्षा बोलण्यात जास्त रस! ते पुस्तक लिहीत नाहीत, व्हिडिओ करत नाहीत. आजोबांच्या माघारी संग्रह लिलावात जातो आणि नातवाला फक्त पैसे मिळतात.

अमेरिकेत राहणारे आपले बरेच श्रोते आहेत, त्यांच्यासाठी एक काम. जवळपास असा छोटा शो भरत असेल तर तिकीट काढून जा. बघायला जा, घ्यायला नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना काही अपवाद सोडले तर तिथे बंदूक घेताच येत नाही. जुन्या काडतुसांचं टेबल शोधा आणि .३०३ ची पितळी काडतुसं मागा. त्यांच्या बुडावर इंग्रजीत ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं दिसली, सोबत सालाचे आकडे, तर ते काडतूस आपल्या खडकीचं. इंग्रजांची ‘किर्की’. १८६९ पासूनचा तिथला दारूगोळा कारखाना. टेबलामागच्या आजोबांना अक्षरं ओळखीची असतील, पण खडकी पुण्यात नेमकी कुठे, हे बहुधा तुम्हालाच सांगावं लागेल. फोटो काढलात तर आम्हाला पाठवा.