नावेचा धनी गेल्यावर

माणूस गेला की त्याच्या मागे घर राहते, शेत राहते, भांडीकुंडी राहतात. त्यांची वाटणी कशी करायची हे आपल्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शेताला बांध घालता येतो, घराच्या मधोमध भिंत उभी करता येते. नावेला मात्र बांध घालता येत नाही. दोन भावांनी तिचे दोन तुकडे केले तर दोघांच्याही हाती सरपण येते; नाव कुणालाच मिळत नाही. म्हणून नावेचा धनी जाताना दोन प्रश्न मागे ठेवून जातो. त्याच्या देहाचे काय करायचे, आणि त्याच्या नावेचे काय करायचे? दर्यावर्दी समाजांनी या प्रश्नांची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. आपल्या मराठी मुलखाने दिलेले उत्तर कोणते, आणि ते विसरल्याची किंमत आपण कशी मोजली, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

उत्तर युरोपातील लोकांनी दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच दिले. धन्याबरोबर नावही जायची. बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर व्होल्गा नदीकडे गेलेल्या इब्न फदलानने ९२२ सालच्या सुमारास रूस लोकांच्या एका सरदाराचा अंत्यविधी पाहिला व लिहून ठेवला. नाव काठावर ओढून घेतली होती. तीत सरदाराचे प्रेत, शस्त्रे आणि खाणेपिणे ठेवले. एका दासीचा बळी दिला. आणि सारे एकत्र पेटवून दिले. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ साली उकरून काढलेल्या जहाजात दोन स्त्रियांचे अवशेष निघाले. इ. स. ८३४ च्या सुमारास ते अखंड जहाज त्यांच्यासह मातीखाली पुरलेले होते. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली सुमारे सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाची खूण सापडली. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. वाळूत उरला होता फक्त जहाजाचा ठसा आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा.

पुढे हा रिवाज गेला, तरी दर्यावर्द्याच्या मनातली इच्छा गेली नाही. १७९८ च्या नाईलच्या लढाईत फ्रेंचांचे 'लोरिआं' हे जहाज जळून फुटले. त्याच्या डोलकाठीच्या लाकडाची शवपेटी नेल्सनला त्याच्या एका कप्तानाने भेट दिली. ती त्याने आनंदाने जपली, आणि १८०६ साली लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्याला तीतूनच मूठमाती मिळाली. आजही अमेरिकेत अनेक नावमालकांची इच्छा असते की, आपली रक्षा आपल्याच नावेतून समुद्रात सोडावी. तिथला कायदा त्याला परवानगी देतो. मात्र किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल दूर जावे लागते आणि तीस दिवसांच्या आत सरकारी खात्याला कळवावे लागते.

आपल्याकडे देह अग्नीला, अस्थी पाण्याला आणि नाव जिवंतांना, अशी विभागणी झाली. मी हे भोपाळच्या साकेत नगरात बसून लिहितो आहे. येथून समुद्र फार दूर. परंतु जवळच्या राणी कमलापती स्थानकावरून (२०२१ पर्यंत ते हबीबगंज होते) इटारसीकडे जाणारी गाडी धरली की वाटेत नर्मदा लागते. होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे. तिथल्या सेठानी घाटावर आमच्याकडची मराठी घरे अस्थी घेऊन जातात. नावाडी कलश आणि माणसे प्रवाहात नेतो, विधी होतो, नाव काठाला परतते आणि पुढच्या घरची माणसे तीत बसतात. नाव मेलेल्याची सेवा करते, पण त्याच्याबरोबर जात नाही. अयोध्याकांडातला तुलसीदासांचा केवट आपल्या दुभाषी घरांत सर्वांना परिचित आहे. प्रभूच्या पायधुळीने शिळेची स्त्री झाली, तशी माझी नाव झाली तर पोट कसे भरू, ही त्याची चिंता. भक्ती कितीही असो, नाव म्हणजे घरादाराची भाकरी. ती चितेवर चढवणे या विचारसरणीत बसणारच नव्हते.

याच माळव्यातला राजा भोज, ज्याचे नाव भोपाळच्या मोठ्या तलावाला आहे, त्याच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' हा ग्रंथ सांगितला जातो. त्यात नावेसाठी कोणते लाकूड घ्यावे, लांबी-रुंदीचे प्रमाण काय असावे, कक्ष कुठे बांधावा, याची बारकाईने चर्चा आहे. समुद्रात जाणाऱ्या नावेचा तळ लोखंडाने जोडू नये, कारण पाण्यातले लोहचुंबक तिला ओढून घेईल, असा इशाराही तो देतो. इतक्या निगुतीने घडवलेली वस्तू एका माणसाच्या मरणासाठी खर्ची घालायची नसते, हे वेगळे सांगायला नको.

मग धन्याची आठवण कुठे ठेवायची? आपल्या पूर्वजांनी ती दगडात ठेवली. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका कोरल्या आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. म्हणजे वीर वर चढत जातो. नौका मात्र खालच्या पट्टीतच, पाण्यावरच राहते. यादव महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील १२६५ च्या सुमाराच्या आरमारी लढाईशी काही अभ्यासक हे दगड जोडतात. हेमाद्रीच्या प्रशस्तीनुसार सोमेश्वर त्या युद्धात समुद्रातच बुडाला. त्याच्याबरोबर शिलाहारांचे राज्यही बुडाले.

नावेचा धनी म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे नाव प्रथम उभे राहते ते सरखेल कान्होजी आंग्र्यांचे. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना पुरून उरलेला हा पुरुष १७२९ साली अलिबागेस वारला. त्याची समाधी तिथे छत्रीबागेत आहे. देहाचा प्रश्न असा जमिनीवर, सन्मानाने सुटला. गुराबा आणि गलबतांचे ते आरमार मात्र मुलांच्या हाती आले. थोरला सेखोजी चार वर्षांत, १७३३ साली, गेला. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात तंटा लागला. पेशव्यांच्या मध्यस्थीने १७३५ साली वाटणी झाली. मानाजीकडे कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब. संभाजीकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू आणि सरखेली. बापाच्या नावेचे शेवटी दोन तुकडे झाले.

संभाजीमागून आलेला तुळाजी पराक्रमी होता. १७४९ साली त्याने इंग्रजांचे 'रेस्टोरेशन' हे जहाज पकडले. पण आता एकाच दर्यावर दोन आंग्रे होते आणि तुळाजीचे पेशव्यांशी वैर होते. १७५५ साली इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा जमिनीवरून पेशव्यांची फौज त्यांच्या बाजूने होती. एक तोफगोळा पकडून आणलेल्या त्याच 'रेस्टोरेशन'वर पडला. आग भडकली, आणि शेजारी एकमेकींना बांधलेल्या गुराबांनी एकापाठोपाठ एक पेट घेतला. आंग्र्यांचे विजयदुर्गचे आरमार त्या दिवशी संपले. व्होल्गाकाठच्या लोकांनी सरदाराची नाव समजून उमजून जाळली होती. आमची आमच्याच फुटीने जळली. उरलेले कुलाब्याचे संस्थान १८४० साली औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केले.

पेशव्यांना दोष देणारे देतात, तुळाजीला देणारेही देतात. मला स्वतःला मूळ दुखणे १७३५ च्या वाटणीत दिसते. समुद्रावर व्यवहार करणाऱ्या इतर समाजांना हा धोका उमगला होता. इंग्लंडात जहाजाच्या मालकीचे चौसष्ट भाग धरतात. आपल्याकडे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने दहा भाग धरले होते. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला. भाग कागदावर पडतात. जहाज एकसंध राहते आणि सुकाणू एकाच हाती असते. घरच्या मचव्याचीही तीच गोष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या जंगम मालमत्तेत आई, पत्नी, मुलगे आणि मुली सारख्याच हक्कदार असतात, आणि मचवा ही जंगम मालमत्ताच. चौघांचा हक्क ठरतो; सुकाणूवर कोण बसणार हे कायदा सांगत नाही. ते धन्याने जिवंतपणी सांगायचे असते, आणि शक्य तर लिहून ठेवायचे असते.

आपल्या रिवाजात देहाची काळजी करायला अग्नी आहे, नदी आहे, आणि भाग्यवंताला दगडही मिळतो. त्याबद्दल धन्याने फार सांगितले नाही तरी चालते. घरची माणसे ते करतातच. नावेबद्दल मात्र त्याने गप्प राहू नये. कान्होजीची समाधी अलिबागेत आजही आहे, मुंबईतील नौदलाच्या एका तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव आहे. मागे ज्याच्यावर घर चालायचे, मुलूख राखायचा, ते आरमार तेवढे उरले नाही.