पोकळीयुक्त लिगँड आणि ऑक्सिजनचे वहन : एका संशोधनाचा इतिहास

फुफ्फुसात ऑक्सिजन स्वीकारणे आणि ऊतींपाशी तो सोडून देणे, ही हिमोग्लोबिनची दोन्ही कामे त्यातील लोहामुळे होतात. तेच लोह दमट हवेत उघडे राहिल्यास गंजते. या विसंगतीचा शोध घेताना रसायनशास्त्राचे लक्ष धातूकडून त्याच्या सभोवतालच्या जागेकडे कसे वळले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पॉल फायफर यांनी १९३३ मध्ये कोबाल्टचे सालकोमाइन हे संकुल तयार केले. त्याचे लाल स्फटिक हवेत काळे पडत. हा बदल ऑक्सिजनच्या शोषणामुळे होतो व तो व्युत्क्रमी असतो, हे १९३८ मध्ये जपानी रसायनज्ञ त्सुमाकी यांनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मेल्विन कॅल्विन यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करण्याच्या हेतूने या संकुलांचा अभ्यास केला. मात्र वारंवार वापरानंतर त्यांची क्षमता घटत असे.

लोहाच्या बाबतीत अडचण अधिक बिकट होती. साध्या हीमच्या द्रावणात ऑक्सिजनचा रेणू दोन लोह-अणूंच्या मध्ये अडकतो. पुढे त्यातील बंध तुटून लोह–ऑक्सिजन–लोह असा सेतू तयार होतो, लोह +२ मधून +३ अवस्थेत जाते आणि ऑक्सिजन परत मिळत नाही. केंड्रू व पेरुट्झ यांनी अनुक्रमे मायोग्लोबिन व हिमोग्लोबिनची रचना उलगडली (नोबेल पारितोषिक, १९६२), तेव्हा उलगडा झाला. हीम प्रथिनाच्या खोबणीत बसलेले असल्याने दोन हीम एकमेकांना भिडूच शकत नाहीत.

ही खोबण प्रथिनाविना रचण्याचे प्रयत्न पुढे झाले. स्टॅनफर्ड येथे जेम्स कॉलमन यांनी १९७३ मध्ये पॉर्फिरिनच्या एका बाजूस चार अवजड गटांचे कुंपण उभारले. १९७५ मध्ये जॅक बाल्डविन यांच्या गटाने पॉर्फिरिनवर टोपी बसविली. डॅरिल बुश यांनी पॉर्फिरिनही वगळले. त्यांच्या सायक्लिडीन लिगँडांत धातूवर कमानीसारखा सेतू असतो. सेतूची लांबी बदलली की पोकळीची रुंदी बदलते आणि तिच्याबरोबर ऑक्सिजनविषयीची आसक्तीही. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने सामान्य तापमानास ऑक्सिजन वाहणारे पॉर्फिरिनविरहित लोह-संकुल सादर केले.

तथापि, पोकळी ऑक्सिडीकरण लांबविते, कायमचे टाळत नाही. शरीरातही काही हिमोग्लोबिन सतत ऑक्सिडीकृत होते. रक्तपेशीतील विकर ते पूर्ववत करते. निसर्गाने संरक्षणाला दुरुस्तीची जोड दिली आहे. कृत्रिम वाहकांचे टिकाऊपण तपासताना हा भेद दृष्टीआड करता येत नाही.